दुर्बीण नाही म्हणून विषय नाही?

परवा ओळखीच्या एका बी.एस्सी.च्या पोरानं प्रोजेक्टला क्ष-किरण जोडताऱ्यांचा विषय मागितला. उत्तर मिळालं, "आपल्याकडं दुर्बीण आहे का? दुसरा विषय घे." कॉलेजचं नाव घेत नाही, हे उत्तर जिल्ह्यात कुठंही मिळालं असतं.

पण उत्तरच चूक आहे. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण वातावरणात अडकतात, जमिनीवर पोचतच नाहीत. यवतमाळात दिसत नाहीत तसे पुण्यात नाहीत, अमेरिकेतही नाहीत! ते टिपायला उपग्रहच लागतो. तो आपल्याकडं आहे. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावरची बरीचशी क्ष-किरण उपकरणं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकारानं झाली, पुण्याच्या आयुकाचाही त्यात हात आहे. त्यानं टिपलेली माहिती ठराविक मुदतीनंतर इस्रो सगळ्यांसाठी खुली करते. नाव नोंदवा, फुकट उतरवून घ्या.

आता विषय काय तर, मेलेल्या ताऱ्याचा गाभा शेजारच्या जिवंत ताऱ्याचा वायू ओढतो, तो पडता पडता प्रचंड तापतो आणि क्ष-किरण फेकतो. असे जोडतारे लहान मॅजेलन मेघ नावाच्या बुटक्या दीर्घिकेत शंभरावर सापडलेत. आपल्या आकाशगंगेपुढं ती चिल्लर, तरी एवढे! कारण तिथं काही कोटी वर्षांपूर्वी ताऱ्यांचं मोठं पीक आलं होतं आणि जड मूलद्रव्यं कमी आहेत. सुरुवातीच्या विश्वातल्या दीर्घिका साधारण अशाच असाव्यात, म्हणून जगभरचे लोक तिच्या मागं आहेत. गंमत म्हणजे ती आपल्या यवतमाळच्या क्षितिजावर कधी उगवतच नाही. तरी तिचा अभ्यास इथं बसून होतो.

"कापसाच्या जिल्ह्यात हे कशाला?" असं कोणीतरी लिहीलच. बाप कापूस पिकवतो म्हणून पोरानं दुसरं काही शिकूच नये का? आणि यात शिकायचं ते लिनक्स, पायथॉन, आकडेवारीतून खरं-खोटं निवडणं. पुढं नोकरीलाही हेच लागतं. पाच-सहा बरे संगणक, धड इंटरनेट आणि शिकवायची तयारी असलेला एक प्राध्यापक, बस्स. जिल्हा नियोजनाच्या पैशात एवढं बसत नाही हे मला पटत नाही. अवघड आहे ते प्राध्यापकाचं. रिकाम्या जागा भरा म्हणून आपण किती वर्षं ओरडतोय!

पुसद, वणी, घाटंजी, उमरखेड, कुठल्याही कॉलेजला रविवारी पोरं बसवायची असतील तर इनबॉक्समध्ये सांगा. फाईल कशी उघडायची तेवढं मला येतं. येण्याजाण्याचा खर्च माझा.