वैद्याचा तिसरा उपाय : प्रश्न

१/३
थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे राजयक्ष्म्याने, म्हणजेच क्षयाने निवर्तले. वय अवघे २७. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो १८८२ मध्ये.

२/३
तोवर वैद्याची भिस्त दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेवर. ज्वर केव्हा चढतो, अन्नावर वासना आहे का, खोकल्यातून रक्त पडते का, हे रोग्यानेच सांगायचे. खात्रीचे औषध मात्र नव्हते.

३/३
आज मोडनिंबसारख्या गावातल्या रोग्यालाही सरकारी दवाखान्यात क्षयाचे औषध विनामूल्य मिळते. पण ‘दोन आठवडे खोकला हटत नाही’ हे त्याने सांगावे आणि कुणी स्वस्थपणे ऐकावे लागते. म्हणून विचारपूस हा उपचाराचाच आरंभ मानावा.