यंत्र मोठे की ताठ?



पौडहून पुण्याकडे जाताना पिरंगुटच्या परिसरात अनेक कारखाने लागतात. धातू कापणारे मिलिंग मशीन तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. टेबलावर घट्ट बांधलेल्या तुकड्याला कामगार ‘जॉब’ म्हणतात. वर फिरणारे कटर त्याचा थर कापून काढते. हौशी मंडळींसाठी याची छोटी मशीनेही मिळतात. परंतु जॉब जरा उंच असला की तो कटरखाली मावत नाही. मग कोणी सुचवतो, “खांबच उंच करू या!”

कल्पना चांगली आहे; पण माझ्या मते ती अर्धीच आहे. का, ते एका प्रयोगाने पाहा.

एक पातळ पोलादी पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा. ती १० सेंमी बाहेर ठेवून टोकाला लहानसे वजन अडकवा. वजनामुळे टोक किती खाली गेले ते मोजा. आता पट्टी २० सेंमी बाहेर काढून तेच वजन लावा. टोक दुप्पट नव्हे, सुमारे आठपट खाली जाईल! कारण हा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

मशीनचा खांबही अशीच एका टोकाला पक्की केलेली पट्टी होय. त्याच जाडीचा खांब दुप्पट उंच केला आणि पूर्वी वरचे टोक ०.०५ मिमी हलत असेल, तर तेवढ्याच जोराने ते ०.४ मिमी हलेल. जॉब मावेल खरा, पण कटर थरथरेल आणि काप खडबडीत येईल.

गंमत अशी की उपायही घनातच आहे. ज्या दिशेने जोर पडतो त्या दिशेने जाडी दुप्पट केली, तर ताठपणा आठपट होतो. शिवाय पोलाद अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सुमारे तिप्पट ताठ असते. म्हणून उंची वाढवाल तेव्हा जाडीही वाढवा आणि सांधे घट्ट ठेवा.

आपल्याच जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, हा त्यामागचा विचार. तो मला पूर्ण पटतो. म्हणूनच यंत्रात बदल करणाऱ्या मुलांना अडवू नये; मात्र हाताला मोजमापाची जोड हवी.

शिक्षकांना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनात असे यंत्र आले, तर ‘किती मोठे केले?’ एवढेच विचारू नका. ‘किती वाकते, ते मोजले का?’ हेही विचारा.