तारकानकाशा विद्यार्थ्यांनीच रचावा

संगणकावरील तारकानकाशा शाळेने विकत घ्यावा काय, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. कारण उत्तम नकाशा विनामूल्य मिळतो. फाब्यें शेरो या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००१ साली आरंभिलेले ‘स्टेलॅरियम’ मुक्तस्रोत आहे. ते कोणीही वापरावे, उघडून वाचावे, बदलावे आणि बदललेली प्रत इतरांस द्यावी, अशी मुभा त्याच्या परवान्यातच आहे. आपल्या शाळा यातील ‘वापरावे’ एवढेच घेतात. ‘वाचावे, बदलावे’ हा खरा ऐवज तसाच पडून राहतो.

साधा तारकानकाशा नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना स्वतः रचता येईल, असे माझे ठाम मत आहे. येल विद्यापीठाच्या तेजस्वी ताऱ्यांच्या सूचीत ९,११० नोंदी आहेत. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सर्व तारे त्यांत येतात. प्रत्येकापुढे विषुवांश, क्रांती आणि तेजस्वितेची प्रत दिलेली असते. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश आणि घड्याळातील वेळ घेऊन नाक्षत्र काल काढायचा. त्यावरून ताऱ्याचे दिगंश व उन्नतांश मिळतात. सूत्र नवे असले तरी त्यातील साईन-कोसाईन पाठ्यपुस्तकातलेच. क्षितिजाखालचे तारे गाळावेत, उरलेले वर्तुळात मांडावेत. हे सारे जुन्या संगणकावर, इंटरनेटवाचूनही चालते.

चूक झाली तर? नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा असतो. तो पुरते २४ तासांचा धरला, तर नकाशा रोज सुमारे चार मिनिटे आणि महिन्याभरात दोन तास चुकेल. ही चूक दाखवायला परीक्षक लागत नाही. वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन वर पाहिले की पुरे. (निवासी शाळेची ही सोय शहरातल्या नामांकित शाळांना कोठून असणार!)

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला याहून मोलाची वाटते ती नावांची बाब. ताऱ्यांची स्थाने मोजून ठरतात; त्यांच्या आकृती मात्र माणसे ठरवितात. स्टेलॅरियममध्ये ऑस्ट्रेलियातील बूराँग, न्यूझीलंडमधील माओरी, अमेरिकेतील लकोटा अशा लोकसमूहांची आकाशे निवडून पाहता येतात. भारताच्या नावाने तेथे आढळते ते वैदिक नक्षत्रांचे आकाश. ते असावे, त्यास हरकत नाही. पण तेवढेच भारताचे आकाश नव्हे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड वस्त्यांत जाऊन जे टिपले, त्यात सप्तर्षींचे चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आहे आणि मागचे तीन ती खाट चोरू पाहणारे चोर. त्या आकाशात ऋषींना जागाच नाही! आपल्या शेतकरी-मजूर घरांतील वडीलधाऱ्यांनीही याच ताऱ्यांना ‘बाज’ म्हटले, आणि मृगातील तीन ताऱ्यांचे ‘तिकांडे’ कोठवर चढले ते पाहून रात्रीचा अदमास घेतला. घड्याळे आली, आणि ही नावे सांगणारे एकेक करून निघून चालले आहेत. मुक्तस्रोत नकाशात ती घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून संगणकक्षेत्रात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी या हिवाळ्यात, आकाश निरभ्र असताना, चार-दोन रविवार शाळेस द्यावेत. पालकांनी घरच्या वृद्धांना, विशेषतः आजीला, बोलते करावे. मुलांनी तारा दाखवूनच नाव विचारावे, जसे उच्चारले तसेच लिहावे आणि शेजारी गाव व बोली नोंदवावी. एकाच ताऱ्याला दोन गावांत दोन नावे निघाली, तर नकाशात दोन्ही ठेवावीत.