‘सुरक्षित’, पण किती तासांपुरता?
कापडाच्या रंगाने दोन दिवसांत जलपिसवा (डॅफ्निया) निश्चल झाल्या नाहीत, म्हणून तो ‘सुरक्षित’ म्हणणे ही विज्ञानाची विटंबना आहे. तीव्र विषारितेच्या प्रमाणित चाचणीत २४ तासांहून कमी वयाची पिल्ले ४८ तास द्रावणात ठेवतात. त्यांना अन्नही देत नाहीत. ही पहिली चाळणी आहे, अंतिम निवाडा नव्हे. प्रजननावरील परिणामासाठी २१ दिवसांची चाचणी लागते. शिवाय नदीत गडद रंग सूर्यप्रकाश अडवतो, शैवाल खुंटते, त्यावर जगणारी जलपिसू उपाशी राहते. काचपात्रातल्या ४८ तासांना हे दिसतच नाही. तमिळनाडूतील नोय्यल आणि राजस्थानातील बांडी या नद्यांनी रंगाईचे सांडपाणी दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षे सोसले आहे. त्यांच्या काठावर उभे राहून ‘सुरक्षित’ म्हणण्याचे धैर्य कोणाचे आहे?