फावल्या वेळचे खेळ : हरलेल्या डावाची वही

ठाण्याहून भिवंडीकडे जातांना खाडीवरचा पूल ओलांडला कीं कशेळी लागते. हल्लीं तिच्या आसपास गुदामेंच गुदामें दिसतात. परंतु आमच्या एका स्नेह्यांच्या ओटीवर दिवेलागणीस बुद्धिबळाचा पट अजून मांडला जातो. गेल्या महिन्यांत आम्ही तेथें आठवडाभर होतों. आजोबा आणि दहा वर्षांची नात खेळत. नात रोज हरे, आजोबा हंसत आणि मोहरीं पेटींत भरून उठत. पांचव्या दिवशीं मुलीनें पटास हातही लावला नाहीं. आजोबा म्हणाले, "मुलींच्या डोक्याचा हा खेळच नव्हे." मुलीची आई आम्हांस हळूच म्हणाली, "मामंजींना कांहीं म्हणवत नाहीं. पण हिचा खेळ सुधारावा कसा, तें तरी सांगा."

आजोबांच्या म्हणण्याचें उत्तर इतिहासानें केव्हांच दिलें आहे. सन १९७४ मध्यें महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी यांनींही पुढें तें पद मिळविलें. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तेव्हां प्रश्न उरतो तो आईचा.

आम्हीं एक कोरी वही आणविली आणि पुढच्या डावाच्या दोन्हीं बाजूंच्या चाली तींत उतरून घेतल्या. डाव संपल्यावर पट पुन्हां मांडला व मुलीस विचारलें, "तूं कोठें हरलीस?" तिनें शेवटची मात दाखविली. वास्तविक ती वीस चाली आधींच हरली होती. आजोबांनीं उंट सरकवून तिच्या घोड्यावर रोख धरला होता आणि ती मात्र दूरचें प्यादें खाण्यांत गुंतली होती. शेवटची चूक सर्वांस दिसते. पहिली चूक शोधणें हाच खरा अभ्यास. म्हणून आपली चाल करण्यापूर्वी, प्रतिपक्ष्याच्या चालीचा हेतु काय, हें मनाशीं विचारण्याची संवय लावावी. एवढ्या एका संवयीनें निम्मे डाव वांचतात.

दुसरी गोष्ट, शिकण्याचा आरंभ डावाच्या अखेरीपासून करावा. बत्तीस मोहऱ्यांच्या गर्दींत मूल गोंधळतें. पटावर दोन राजे आणि एकच प्यादें ठेवावें. मूल प्यादें पुढें रेटतें, राजा मागें राहतो आणि डाव बहुधा बरोबरींत सुटतो. त्यास दाखवावें कीं, राजा पुढें व प्यादें मागें हवें. आपल्या बाजूनें मोजून सहाव्या ओळींत, आपल्या प्याद्याच्या लगेच पुढच्या घरीं, राजा पोंचला असेल, तर चाल कोणाचीही असो, तें प्यादें वजीर होतें. अगदीं कडेच्या पट्टीस मात्र हा नियम लागू नाहीं.

सुलतान खान हे आपल्या देशी रीतीनें खेळून वाढले. त्या रीतींत पहिल्या चालीस प्यादें दोन घरें जात नसे. विलायती खेळाच्या आरंभाचें शास्त्र त्यांनीं अभ्यासिलें नव्हतें. तरी १९२९, १९३२ व १९३३ या सालीं त्यांनीं ब्रिटनचें अजिंक्यपद मिळविलें. त्यांचें बळ अखेरच्या खेळांत होतें. आरंभाच्या चाली पाठ करणाऱ्या मुलांनीं आणि त्या पाठ करून घेणाऱ्या वडिलांनींही हें ध्यानांत घ्यावें.

वडील माणसांसही आमची एक विनंति आहे. मुलास मुद्दाम जिंकूं देऊं नये. तें मुलाच्या लक्षांत येतें व त्यास अपमान वाटतो. परंतु जिंकल्याबरोबर पट आवरूंही नये. घटकाभर बसून, डाव कोठें फिरला तें मुलाकडूनच काढून घ्यावें.

आम्ही निघालों त्या संध्याकाळीं नात पुन्हां हरली. आजोबा मोहरीं पेटींत भरूं लागले, तों ती म्हणाली, "थांबा आजोबा, माझा राजा मागें राहिला, म्हणून प्यादें गेलें. तेथून परत मांडूं या." आजोबांनीं क्षणभर तिच्याकडे पाहिलें आणि पेटी पुन्हां पटावर उपडी केली.