बिलाच्या तळाशी असलेली राज्यघटना

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने आपली राज्यघटना स्वीकारली. २०१५ पासून हा दिवस संविधान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाविद्यालयांतून उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते, भित्तिपत्रके लागतात, निबंधस्पर्धाही होतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पेढीवर, दुकानात किंवा गोदामात त्याच विद्यार्थ्याचा ज्या व्यवहारांशी संबंध येतो, त्यांचा त्या उद्देशिकेशी काही नातेसंबंध आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. या महिन्याच्या लेखात त्या तुटलेल्या दुव्याचा विचार करावयाचा आहे.

आज अनेक पदवी अभ्यासक्रमांत राज्यघटनेचा काही भाग सक्तीचा असतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही तो घ्यावा लागतो. पण बहुधा त्याचे गुण एकूण बेरजेत धरले जात नाहीत, किंवा धरले तरी अल्प असतात. त्यामुळे मार्गदर्शिका विकत घ्यावी, मूलभूत हक्कांची यादी पाठ करावी, राष्ट्रपतींच्या अधिकारांचे पाच मुद्दे लिहावेत आणि विषय सुटला म्हणावे, अशी रीत पडून गेली आहे. ज्याप्रमाणे रोजमेळ कधी न लिहिता ताळेबंदाची व्याख्या पाठ करणारा विद्यार्थी हिशेबनीस होऊ शकत नाही, त्याचप्रमाणे अनुच्छेदांचे क्रमांक पाठ करणारा विद्यार्थी नागरिक होतोच असे नाही.

निवृत्तीनंतर वाणिज्य महाविद्यालयांत बँकिंगविषयी बोलण्याचा योग मला अधूनमधून येतो. अशाच एका वर्गात मी विद्यार्थ्यांना विचारले, “तुमच्या दुकानाच्या बिलावर अठरा टक्के कर दोन ओळींत, नऊ आणि नऊ असा का लिहिलेला असतो?” साठ-सत्तर मुलांपैकी बहुतेकांच्या घरी व्यापार होता. कर किती, विवरणपत्र केव्हा भरावयाचे, संगणकात नोंद कशी करावयाची, हे त्यांना उत्तम ठाऊक होते. ‘का’ या प्रश्नाला मात्र उत्तर आले, “सर, सॉफ्टवेअर तसेच छापते.”

वस्तुतः त्या दोन ओळींत आपल्या संघराज्याची सारी रचना सामावलेली आहे. एक नऊ टक्के केंद्राचे, दुसरे राज्याचे. माल राज्याबाहेर गेला की दोहोंच्या जागी एकच एकात्मिक कर. १ जुलै २०१७ पूर्वी उत्पादनशुल्क केंद्र घेई, विक्रीकर राज्य घेई आणि शहराच्या वेशीवर जकात नाका उभा असे. जुन्या व्यापाऱ्यांना त्या नाक्यांवरील ट्रकांच्या रांगा आठवत असतील. एखाद्या स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावर कर बसविण्याचा अधिकार सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५२ व्या नोंदीत होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंद गाळली गेली, आणि एकाच व्यवहारावर संसद व विधानमंडळ या दोघांनाही कर बसविता यावा म्हणून अनुच्छेद २४६-अ नव्याने घालण्यात आला. बिलावरील दोन ओळी सॉफ्टवेअरने निर्माण केलेल्या नाहीत. त्या राज्यघटनेने निर्माण केल्या आहेत.

याच दुरुस्तीने वस्तू व सेवा कर परिषद अस्तित्वात आली. तिचे मतदान हा वाणिज्य शाखेच्या वर्गासाठी उत्कृष्ट पाठ होऊ शकेल. केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयासाठी हजर व मतदान करणाऱ्यांच्या वजनाचे किमान तीन चतुर्थांश आवश्यक. विद्यार्थ्यांनी आकडेमोड करून पाहावी. सारी राज्ये एकवटली तरी दोन तृतीयांशच होतात. केंद्रावाचून निर्णय होत नाही. केंद्राने काही ठरविले तरी राज्यांच्या मतांपैकी किमान पाच अष्टमांश मते मिळवावीच लागतात. महाराष्ट्राच्या व सिक्कीमच्या मताचे वजन मात्र सारखेच. हे न्याय्य आहे काय, यावर वर्गात तासभर वाद होऊ शकतो, आणि तो व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये असा निर्वाळा दिला की, परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधानमंडळांवर बंधनकारक नाहीत. कर बसविण्याची सत्ता अखेर कोणाजवळ असते, हे या एका निकालातून जितके स्पष्ट होते तितके दहा व्याख्यांतून होणार नाही.

येथेच अनुच्छेद २६५ चा परिचय करून द्यावा. त्याचा आशय एका वाक्याचा आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही. आपल्या व्यापारी कुटुंबांतील तरुणाला शासन प्रथम भेटते ते बहुधा नोटिशीच्या रूपाने. नोटीस आली की घरात दोनच प्रतिक्रिया उमटतात: एक भीती, आणि दुसरी, ‘कोणाची ओळख आहे का ते पाहा’. दोन्ही प्रतिक्रिया आपण मुलांसमोरच देतो, आणि शासन म्हणजे भिण्याची किंवा ‘सांभाळून घेण्याची’ वस्तू आहे, हा संस्कार नकळत पक्का होतो. महाविद्यालयाने त्याऐवजी एक नमुना नोटीस वर्गात ठेवावी आणि विचारावे: ही कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे? मुदत किती आहे? म्हणणे मांडण्याची संधी दिली आहे काय? अपील कोठे करावयाचे? ते मार्ग निष्फळ ठरल्यास उच्च न्यायालयाचे दार अनुच्छेद २२६ खाली केव्हा ठोठावता येते? हे प्रश्न विचारता येणारा तरुण भिणार नाही, आणि कर खरोखर देय असेल तर तो भरण्यासही कां-कूं करणार नाही.

राज्यघटनेतील मोठे प्रसंग शिकवितानाही वाणिज्याची वाट सोडण्याचे कारण नाही. १९ जुलै १९६९ रोजी पन्नास कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. ते अध्यादेशाने झाले, आणि त्यावर कार्यवाहक राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांची स्वाक्षरी होती. पुढल्याच महिन्यात संसदेने कायदा केला. सेंट्रल बँकेचे भागधारक असलेले रुस्तम कावसजी कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १० फेब्रुवारी १९७० रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने दहा विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्दबातल ठरविला. बँका ताब्यात घेण्याचा कायदा करण्याचा संसदेचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही; भेदभावाची वागणूक आणि भरपाई ठरविण्याची पद्धत हे दोन दोष दाखविले. अवघ्या चार दिवसांनी नवा अध्यादेश निघाला आणि पाठोपाठ दोष टाळणारा नवा कायदाही आला. बँका राष्ट्रीयीकृतच राहिल्या.

या एका प्रकरणात अध्यादेश, संसद, न्यायालय आणि नागरिक हे चौघेही आपापल्या जागी उभे असलेले दिसतात. वर्गाचे दोन भाग करून एकाने भागधारकाची बाजू मांडावी, दुसऱ्याने त्या शेतकऱ्याची आणि लहान कारागिराची, ज्याला तोवर बँकेच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचता आले नव्हते. दोन्ही बाजूंत सत्याचा अंश आहे, हे त्यांच्या ध्यानी येईल. पुढे १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने ‘भरपाई’ या शब्दाच्या जागी ‘रक्कम’ हा शब्द आला, १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त मांडला गेला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून अनुच्छेद ३००-अ मध्ये केवळ घटनात्मक हक्क म्हणून उरला. ज्यांच्या घरी दुकान, गोदाम आणि जमीन आहे, त्यांच्या मुलांना हा प्रवास ठाऊक असू नये, ही नवलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

काही पालक म्हणतात, “मुलाला गादीवर बसावयाचे आहे, वकील व्हावयाचे नाही. शिवाय हक्क शिकविले की मुले भांडखोर होतात.” या आक्षेपाच्या पूर्वार्धाचे उत्तर वर आलेच आहे. उत्तरार्ध अधिक विचारात घेण्याजोगा आहे. केवळ हक्कांची यादी शिकविली तर तसे होऊही शकते. म्हणून अनुच्छेद १९ (१) (छ) मधील व्यापाराचे स्वातंत्र्य शिकविताना त्याच अनुच्छेदाच्या सहाव्या खंडातील वाजवी निर्बंधही शिकविले पाहिजेत. भेसळ, वजनमाप, कामगारांची सुरक्षितता यांचे कायदे त्या खंडाच्या आधारे उभे राहतात. १९७६ मध्ये अनुच्छेद ५१-अ ने मूलभूत कर्तव्ये घातली. करभरणा हे त्यांपैकी एक असावे, अशी स्वर्णसिंग समितीची शिफारस होती. ती मात्र स्वीकारली गेली नाही. का स्वीकारली नसावी, हा प्रश्न विद्यार्थ्यांवरच सोपवावा.

हक्कांचा प्रश्न आपल्या घराच्या आतही येतो. त्याच वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, “आमच्या घरी एच.यू.एफ.ची फाइल आहे. तीत माझ्या भावाचे नाव आहे. माझे का नाही?” वर्ग एकदम शांत झाला. प्रश्न रास्त होता. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहदायाद आहे, मुलाइतकीच; आणि त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले आहे. महाराष्ट्राने याच दिशेचा बदल १९९४ मध्येच केला होता. केंद्राच्या आधी राज्याला तो कसा करता आला? कारण वारसा आणि अविभक्त कुटुंब हे विषय समवर्ती सूचीच्या पाचव्या नोंदीत आहेत. सूची पाठ करणाऱ्या मुलांना त्या दिवशी प्रथमच सूची कशासाठी असते हे कळले.

या प्रश्नाने काही कुटुंबांत अवघडलेपण येईल, याची मला जाणीव आहे. पण आपली मुलगी महाविद्यालयात समतेचा अनुच्छेद १४ शिकते आणि घरी येऊन मौन पाळते, अशी अपेक्षा आपण फार काळ धरू शकणार नाही. तिने हा प्रश्न वकिलापाशी नेण्याऐवजी प्रथम वडिलांपाशी आणावा, एवढे वातावरण घरात असणे कुटुंबाच्या आणि पेढीच्याही हिताचे आहे.

महाविद्यालयांकडून फार खर्चिक अपेक्षा नाहीत. आपल्या महानगरपालिकेचा किंवा नगरपालिकेचा अर्थसंकल्प वर्गात वाचावा; प्रभागातील एका रस्त्यावर किती तरतूद होती आणि किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे. पेढीच्या तिजोरीतून मुनीम मालकाच्या संमतीवाचून पैसे काढीत नाही, तद्वत देशाच्या एकत्रित निधीतून संसदेने कायदा केल्याखेरीज एक रुपयाही निघत नाही, आणि खर्चाची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात, हे नाते विद्यार्थ्यांना जोडून दाखवावे.

आपल्याकडूनही दोन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. १९८९ पासून मतदानाचे वय अठरा वर्षे आहे. मुलाचे किंवा मुलीचे अठरावे वर्ष पूर्ण झाले की वाहन परवान्याच्या अर्जाइतक्याच तत्परतेने मतदारयादीतील नावाचा अर्ज भरून घ्यावा. आणि पेढीवर एखादी नोटीस किंवा नवे परिपत्रक आले की ते करसल्लागाराकडे धाडण्यापूर्वी एकदा घरातील महाविद्यालयीन मुलामुलींच्या हाती द्यावे, वाचावयास सांगावे आणि विचारावे, “हे कोणत्या कायद्याखाली आले आहे, शोधून सांग पाहू.” उत्तर शोधण्यास त्यांना दोन दिवस लागले तरी मुदत असेपर्यंत घाई करू नये.