पत्त्यांची वही

गेल्या जुलैमध्ये आमच्या घरचं वॉशिंग मशीन बंद पडलं. बेळगावचा जुलै कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. चार-चार दिवस ऊन नाही, दोरीवर ओले कपडे आणि घरभर कुबट वास. पप्पांनी फोनवर कंपनीचं नाव टाकून 'कस्टमर केअर नंबर' असं शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर दिसला तो लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. नोंदणीसाठी फक्त १० रुपये भरा म्हणाला, त्यासाठी एक ॲप घ्यायला सांगितलं. अर्ध्या तासात पप्पांच्या खात्यातून १८,४०० रुपये गेले.

ही गोष्ट त्यांनी आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितली. तोपर्यंत ते एकटेच मनात कुढत होते. आम्ही लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन केला, सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते. पप्पा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "सगळ्यात वरचा नंबर होता की तो. खोटा कसा असेल?"

मशीनचं वॉरंटी कार्ड आईने कपाटाच्या खणात जपून ठेवलं होतं. आठवड्याने ते सापडलं. त्यावर कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता छापलेला होता, नंबरही होता. खरा पत्ता चार वर्षं आमच्या घरातच होता.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करते आहे. माझं मत सांगते. चांगल्या वेबसाइट आपल्याला शोधून सापडत नाहीत याचं कारण त्या नाहीत असं नाही. आपण पत्ता लक्षात ठेवायची सवय सोडून दिली, हे कारण आहे. प्रत्येक वेळी आपण चौकात उभं राहून ओरडतो, "अमुक कुठं मिळेल हो?" आणि जो सगळ्यात आधी हात धरेल त्याच्याबरोबर चालू लागतो. वर दिसणाऱ्या ओळींमध्ये कितीतरी जाहिराती असतात. त्यावर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं, पण घाईत ते कोण वाचतं? वर असणं म्हणजे खरं असणं नव्हे. हे आम्हाला १८,४०० रुपयांना कळलं.

पूर्वी असं नव्हतं. १९९४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या वेबसाइटची यादी करायला घेतली. विषयवार, हाताने. त्याच यादीचं पुढे 'याहू' झालं. १९९८ मध्ये अशीच एक मोठी यादी सुरू झाली, ती जगभरचे स्वयंसेवक सांभाळत. तिचं नाव डीमॉझ. याहूची यादी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये. वेब इतकं वाढलं की माणसांनी हाताने यादी करणं शक्यच राहिलं नाही, हे खरं. पण सगळ्या जगाची यादी करणं अशक्य असलं, तरी एका घराची यादी करणं अशक्य आहे का? आपल्या घराला लागतात तरी किती पत्ते? वीस? तीस?

आमच्या घरी टेलिफोन होता तेव्हा त्याच्याशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असायची. गॅसवाला, डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, कोल्हापूरची आत्या. ती वही अजून आहे, आणि तिच्यात मागची बरीच पानं कोरी होती. मी तिथे वेबसाइटचे पत्ते लिहायला सुरुवात केली. नियम एकच केला. जी वेबसाइट घरातल्या कुणीतरी स्वतः निदान महिनाभर वापरली, तिचाच पत्ता वहीत.

पहिला पत्ता हवामान खात्याचा. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या 'मौसम' या वेबसाइटवर जिल्ह्याजिल्ह्याचा इशारा हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगात दाखवतात. शिवाय पुढच्या तीन तासांचा अंदाजही असतो. काकी सुरुवातीला हसली होती. "आभाळ बघून कळतंय की आम्हाला." पण एप्रिलमध्ये वळिवाच्या दिवसांत सांडगे गच्चीवर घालायच्या आधी तीच आता विचारते, "बघ गं जरा, कुठला रंग हाय?" अंदाज कधी चुकतोही. पण व्हॉट्सॲपवर फिरणारा, तारीख नसलेला 'महाभयंकर वादळ येतंय' हा मेसेज आणि तारीख-वेळ घालून दिलेला इशारा यांतला फरक तिला आता नीट कळतो.

दुसरा पत्ता काकांसाठी. ते बटाटा लावतात. 'ॲगमार्कनेट' या केंद्र सरकारच्या वेबसाइटवर पीक, राज्य, बाजार आणि तारीख निवडली की किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर दिसतो. काही बाजारांची माहिती उशिरा येते, काही दिवस तर येतच नाही. काका म्हणतात, "भाव काय तुझ्या फोनवर ठरतोय व्हय?" नाही ठरत, बरोबर आहे. पण आसपासच्या चार बाजारांचे दर बघून गेलेला माणूस दलालाशी वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी त्यांच्याबरोबर यार्डात जाऊन बघितलं आहे.

तिसरा पत्ता जमिनीच्या कागदांचा, आणि इथे आम्हा सीमाभागातल्या लोकांची वेगळीच गंमत. आमचं थोडं शेत इकडे आहे आणि आईच्या माहेरचं चंदगड तालुक्यात. इकडचा उतारा कर्नाटकाच्या 'भूमी' वर कन्नडमध्ये बघायचा, तिकडचा सातबारा 'महाभूलेख' वर मराठीत. दोन्ही पत्ते वहीत समोरासमोर लिहिलेत. भूमीचं पान उघडलं की माझी कन्नड मैत्रीण शेजारी बसते, कुठल्या रकान्यात काय लिहिलंय ते सांगते. तिच्या मामांचा सातबारा मी वाचून देते. वेबसाइट वापरायलाही शेजार लागतो, हे मला त्यातून कळलं.

चौथा पत्ता माझा स्वतःचा आणि सगळ्यात लाडका. आजी म्हणायची, "पाऊस आला तर वळचणीला उभी राहा." मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. वळचण म्हणजे काय ते अंदाजाने माहीत होतं, नेमकं माहीत नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीत सरांनी एक वेबसाइट उघडून दिली. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने शब्दकोश ऑनलाइन ठेवले आहेत. त्यात मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आहे, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. फुकट. देवनागरीत शब्द टाका, अर्थ समोर. वळचण म्हणजे उतरत्या छपराची भिंतीबाहेर आलेली कड. आजीच्या कौलारू घराची तीच कड माझ्या डोळ्यांसमोर आली. आता ते घर नाही, तिथे स्लॅब पडला.

मोल्सवर्थ हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. त्याचा कोश मराठी शिकणाऱ्या इंग्रजांच्या कामाचा होता. आणि आज कोण वापरतंय तो? इंग्रजीतून शिकलेली, मराठीचे अर्थ इंग्रजीत समजून घेणारी आमच्यासारखी मराठी पोरं. यावर हसावं की रडावं कळत नाही. पण शब्द परत मिळतोय ना, मग मी हसते.

याच वाटेने पुढे गेले तेव्हा वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड वेबसाइटवर वाचायला मिळाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. इंटरनेट अर्काइव्हवर फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणाची, १९०७ मध्ये मंगळूरला छापलेली आवृत्ती पानापानाने बघता आली. आपल्या कॉलेजात या ग्रंथाचं नाव दरवर्षी भाषणांत निघतं. पण तो उघडून बघितलेले किती जण आहेत? मीही त्या दिवसापर्यंत बघितला नव्हता. ती आवृत्ती रोमन लिपीत आहे, वाचताना अडखळायला होतं. तरी ओवी ओठांवर आली की ती आपली आहे हे लगेच कळतं.

आता कुणी म्हणेल, एवढी वही-बिही कशाला? एआयला विचारलं की सगळं एका ओळीत सांगतं. मीही विचारते, खोटं कशाला बोलू. पण तिथे मिळणारं उत्तर बऱ्याचदा बिनपत्त्याचं असतं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, चुकलं तर कोणाला विचारायचं, हे काही कळत नाही. मी आता उत्तरानंतर एक प्रश्न हमखास विचारते, "हे मूळ कुठे दिलंय?" मग त्या मूळ ठिकाणी जाऊन बघते. दोनदा असं झालं की तिथे सांगितलेली गोष्ट नव्हतीच.

म्हणून वहीत पत्ता लिहिण्याआधी मी तीन गोष्टी बघते. एक, ही वेबसाइट चालवतं कोण? 'आमच्याविषयी' या पानावर नाव-गाव नसेल तर सोडून द्यायची. दोन, शेवटचा बदल कधी केलाय? योजना, दर, औषधं यांच्या बाबतीत जुनी माहिती कधीकधी खोट्या माहितीइतकीच घातक. तीन, ही आपल्याकडे काय मागते? वाचायला गेलेल्या माणसाकडे ओटीपी मागणारी, ॲप घ्या म्हणणारी वेबसाइट लगेच बंद करायची.

पत्ता वाचायलाही शिकावं लागतं. सरकारी वेबसाइटचा पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' ने संपतो, आणि ही शेपटी खासगी माणसाला मिळत नाही. फसवणारे लोक बँकेचं किंवा खात्याचं नाव पत्त्याच्या सुरुवातीला घालतात. म्हणून पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडचं शेवटचं टोक बघायचं. आणि ते कुलपाचं चित्र? त्याचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या वेबसाइटमध्ये जे जातं-येतं ते वाटेत दुसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे असं ते कुलूप कुठेच सांगत नाही. चोराच्या घरालाही कुलूप असतंच की.

अजून एक. वेबसाइट मरतात. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी लोकांनी हौसेने बांधलेली लाखो पानं होती, २००९ मध्ये ती बंद झाली. त्यातलं जे वाचलं ते कुणीतरी उचलून ठेवलं म्हणून वाचलं. इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन' मध्ये आपणही एखाद्या पानाचा पत्ता टाकून ते जपून ठेवू शकतो. मराठीतली पाककृती असो, एखाद्या गावाच्या जत्रेची माहिती असो, मोडीची बाराखडी असो, आवडलेलं पान तिथे ठेवायला एक मिनिट लागतं. आपल्याकडे असली पानं मोजकी. ती गेली तर दुसरी कोण लिहिणार?

माझं म्हणणं कुणाला जुनाट वाटेल. चांगल्या वेबसाइट इंग्रजीत जास्त, मराठीत कमी, ही तक्रारही खरी आहे. पण मराठीत जे आहे तेही आपण एकमेकांना सांगत नाही. सणाला शुभेच्छांची पन्नास चित्रं पाठवणारे आपण वर्षभरात एका तरी चांगल्या वेबसाइटचा पत्ता कुणाला पाठवतो का? चांगला डॉक्टर, चांगला शिंपी आपण एकमेकांना विचारूनच शोधतो. मग याच बाबतीत अनोळखी माणसावर एवढा विश्वास कसा?

म्हणून आपल्या मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. दर अंकात एक पान 'पाच पत्ते' म्हणून राखून ठेवावं. पाच जणांनी पाच वेबसाइटविषयी लिहावं. स्वतः वापरलेल्या, कोण चालवतं ते बघितलेल्या, आणि तिच्यात काय मिळत नाही तेही सांगणाऱ्या चार ओळी. विषय कुठलाही चालेल. पक्षी, लोणची, शिष्यवृत्त्या, सायकल दुरुस्ती, बायबलची भाषांतरं. पाच वर्षांत आपल्याकडे एक वही तयार होईल. ती कुठल्याही कंपनीच्या मालकीची नसेल आणि पैसे भरून कुणाला तिच्यात वर जागा मिळणार नाही.

पप्पांनी त्या प्रकारानंतर दोन महिने फोनवरून काहीच केलं नाही. विजेचं बिल भरायला रांगेत उभे राहायचे. दसऱ्याला त्यांनी वही खाली काढली आणि वॉरंटी कार्डावरचा तो पत्ता स्वतःच्या अक्षरात तिच्यात लिहिला. एकेक अक्षर तपासून, दोनदा. त्याखाली १९३० लिहिलं. मग मला म्हणाले, "वीज बिलाचा खरा पत्ता कुठला गं? तोही सांग. लिहून ठेवतो."